घराला लागून, तरी घरापासून सुटी : आमच्या सामानाच्या खोलीचे बांधकाम

आमच्या घरी तीन कूलर आहेत. मार्चच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत त्यांच्यावाचून घरात बसवत नाही आणि उरलेले आठ महिने त्यांना कुठे ठेवायचे, हा प्रश्न असतो. नागपुरात राहणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यांच्या जोडीला वाळ्याच्या ताट्या, गच्चीवर बांधायची हिरवी जाळी, वर्षभराचा गहू आणि तांदूळ भरलेल्या कोठ्या, महालक्ष्म्यांच्या कोथळ्या आणि माझ्या सासऱ्यांनी माझ्या यजमानांसाठी सुताराकडून करून घेतलेला तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल, एवढे सामान आमच्याकडे आहे. या सगळ्यासाठी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली बांधावी, असे आम्ही ठरवले. ती खोली आम्हांला दोनदा बांधावी लागली. पहिली २०१८ च्या मे महिन्यात बांधली आणि दुसरी २०२२ च्या दिवाळीनंतर. या दोन बांधकामांत नेमका काय फरक होता, ते सविस्तर लिहावे असे मला वाटले, कारण आमच्यासारखीच काळ्या मातीवरची घरे शहराच्या दक्षिण भागात पुष्कळ आहेत आणि तशीच खोली बांधण्याचा विचार करणारेही पुष्कळ आहेत.

आमचे घर मानेवाडा ते बेसा या रस्त्याच्या बाजूच्या वस्तीत आहे. चाळीस फूट बाय साठ फुटांच्या भूखंडावर ते १९९४ मध्ये बांधले गेले. त्याचा आराखडा सरळ चौकोनी नाही. मागच्या बाजूला स्वयंपाकघर थोडे आत घेतलेले असल्यामुळे तेथे चौदा फूट लांब आणि नऊ फूट रुंद अशी मोकळी जागा उरते. त्या जागेत दहा फूट बाय आठ फुटांची खोली घेतली, तर घराच्या मूळ रेषेबाहेर काही येत नाही, सामासिक अंतरांना, म्हणजे भूखंडाच्या कडेने मोकळ्या सोडायच्या जागेला, धक्का लागत नाही आणि एका बाजूने चार फुटांची वाटही राहते.

पहिल्या वेळी आम्ही हे सर्व एका ठेकेदारावर सोपवले. त्याने आठ दिवसांत, बासष्ट हजार रुपयांत खोली उभी करून दिली. पाया दीड फूट खोल होता. दोन्ही बाजूंच्या नव्या भिंती जुन्या भिंतीशी एकजीव व्हाव्यात म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीतील विटा एक सोडून एक अशा काढल्या आणि त्या खाचांमध्ये नव्या विटा अडकवल्या. वरचा पत्रा भिंतीला टेकला होता, तेथे सिमेंटचा जाड वाटा, म्हणजे कोपरा भरणारा तिरपा थर, मारला. ते पाहताना मला समाधान वाटले होते. घराला घट्ट धरून ठेवलेली खोली अधिक मजबूत असणार, असेच त्या वेळी माझ्या मनात होते.

जुलैमध्ये पाऊस धरला आणि खोलीचे दार खालून घासू लागले. जमीन मध्यभागी किंचित वर आली होती. पुढच्या उन्हाळ्यात दार पुन्हा मोकळे झाले, पण जुनी आणि नवी भिंत जेथे मिळत होत्या तेथे उभी भेग पडली. ती खाली केसाएवढी होती आणि वर रुपयाचे नाणे सहज आत जाईल एवढी. पत्र्याखालचा सिमेंटचा वाटा तुकड्या-तुकड्यांनी सुटून खाली पडला. २०१९ च्या जुलैत त्या भेगेतून आणि त्या वाट्याच्या जागेतून पाणी आत आले. गव्हाच्या दोन कोठ्यांपैकी एकीत पाणी शिरून गहू खालून काळा पडला, स्वयंपाकघरातील ओट्यामागची भिंत ओल धरून फुगली आणि वाळवी लागली. त्यानंतर तीन वर्षे आम्ही दर जूनला ताडपत्री बांधून काढली.

वाळवीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. लाकडी बैल आम्ही बाहेर काढला, तेव्हा बैल जसाच्या तसा होता. शिंगे, वशिंड, पाठीवरची रंगवलेली झूल, सर्व काही शाबूत होते. मात्र ज्या फळीवर तो उभा होता आणि जिला चार चाके होती, ती फळी हातात घेताच चुरा होऊन खाली पडली. बैल जुन्या सागवानाच्या गाभ्याचा होता आणि फळी आंब्याच्या लाकडाची. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही आणि आंब्याचे लाकूड तिला फार प्रिय असते. मी तो बैल पदराने पुसून देवघराजवळ ठेवला. ताडपत्रीच्या भरवशावर आता राहायचे नाही आणि खोली नीट बांधायची, हे त्या दिवशी आमच्या घरात पक्के झाले.

मी २८ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. रेगूर म्हणजे काळी माती ओलावा धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि म्हणून ती कापसाला मानवते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. ज्या गुणामुळे ती कापसाला चांगली, त्याच गुणामुळे ती पायाला वाईट, ही त्याच वाक्याची दुसरी बाजू मला माझ्या एका विद्यार्थिनीने समजावून सांगितली. ती आज बांधकामाच्या संरचनेची अभियंता आहे. घरी आली तेव्हा तिने प्रथम अंगणातील मातीचे ढेकूळ उचलले, पाणी घालून ते बोटांत मळले आणि त्याची पातळ वळी करून मला दाखवली. ती वळी वाकवली तरी तुटत नव्हती. "बाई, जी माती अशी वळते, तिच्यात चिकणमाती भरपूर असते. पाणी मिळालं की ती फुगते, पाणी गेलं की आकसते. दीड फुटांवरचा पाया म्हणजे या मातीच्या श्वासावरच ठेवलेला पाया," असे ती म्हणाली.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या कणांची रचना पत्त्यांच्या कॅटप्रमाणे एकावर एक थरांची असते आणि त्या थरांच्या मध्ये पाणी शिरले की थर एकमेकांपासून दूर सरकतात. पावसाळ्यात माती वर उचलते आणि मेमध्ये आकसून खाली बसते. जमिनीच्या वरच्या काही फुटांत ही हालचाल सर्वाधिक असते आणि खोल गेले की ती कमी होत जाते. आमच्या जुन्या घराचा पाया साडेचार फुटांवर होता आणि त्या घराच्या भाराखाली माती २४ वर्षे दबून बसलेली होती. नवी खोली हलकी होती, तिचा पाया उथळ होता आणि ती मे महिन्यात, म्हणजे माती पूर्ण आकसलेली असताना बांधली गेली होती. पहिल्याच पावसात ती उचलली जाणे अटळ होते. त्यातही बाहेरच्या बाजूची माती अधिक भिजते आणि अधिक वाळते, तर घराच्या बाजूची माती तुलनेने झाकलेली राहते. त्यामुळे खोली नुसती वर-खाली होत नव्हती, ती उन्हाळ्यात घरापासून बाहेरच्या बाजूला कलत होती. भेग वर रुंद आणि खाली बारीक का होती, याचा उलगडा मला तेव्हा झाला. जुने घर एका तऱ्हेने हलते, नवी खोली दुसऱ्या तऱ्हेने हलते आणि आम्ही त्या दोघांना विटांनी एकमेकांत अडकवून ठेवले होते. मग जेथे अडकवले होते, तेथेच ते तुटले.

दुसऱ्या वेळी प्रथम परवानगी घेतली. पहिल्या वेळी आम्ही ती मागितलीच नव्हती आणि ती चूक सर्वस्वी आमची होती. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे. आमच्या वास्तुविशारदांनी त्या नियमावलीप्रमाणे शिल्लक चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर अजून किती बांधता येते ते, आणि मागची-बाजूची अंतरे मोजली, जुन्या मंजूर नकाशावर नवी खोली दाखवली आणि तो नकाशा मंजुरीसाठी सादर केला. मंजुरी येण्यास दीड महिना लागला. जुनी खोली पाडण्याचे काम मजुरांनी दोन दिवसांत केले, पण स्वयंपाकघराच्या भिंतीत अडकवलेल्या विटा छिन्नीने एकेक करून काढाव्या लागल्या, त्या खाचा नव्या विटांनी आणि मसाल्याने भराव्या लागल्या आणि त्या कामालाच आणखी तीन दिवस गेले.

काम नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू केले. तोपर्यंत पावसाचे पाणी उतरलेले असते, माती फार ओली नसते आणि फार वाळलेलीही नसते. शिवाय थंडीत काँक्रीटवर मारलेले पाणी टिकते. मे महिन्यात सकाळी मारलेले पाणी दहा वाजेपर्यंत उडून जाते आणि काँक्रीट आतून कच्चे राहते. दिवाळीनंतर शहरभर बांधकामे सुरू होत असल्याने रेतीचे भाव चढलेले असतात, ही एक अडचण आहे, पण ती सोसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पायाविषयी. चार खड्डे घेतले आणि चारही खड्डे काळी माती संपून पिवळसर, कठीण मुरूम लागेपर्यंत खाली नेले. आमच्याकडे तो साडेपाच फुटांवर लागला. मिस्त्रींनी सब्बल, म्हणजे पहार, मारून दाखवली. काळ्या मातीत ती नि:शब्द रुतत होती, मुरमावर मात्र खणकन वाजून परत येत होती. हा आवाज बदलेपर्यंत खड्डा थांबवायचा नाही, हे माझ्या अभियंता विद्यार्थिनीने त्यांना सांगून ठेवले होते आणि त्यांनीही ते मनापासून पाळले.

घराला लागून बांधताना जुन्या पायाजवळ खोदणे हा सर्वांत धोक्याचा भाग असतो आणि आम्हांला त्याची कल्पनाच नव्हती. नवा खड्डा जुन्या पायापेक्षा खोल गेला आणि तो अगदी लागून असला, तर जुन्या पायाखालची माती त्या खड्ड्यात सरकू शकते. म्हणून घराकडचे दोन खांब भिंतीला चिकटवून न घेता साडेतीन फूट दूर घेतले आणि जमिनीलगतची काँक्रीटची तुळई तेथून पुढे भिंतीच्या दिशेने अधांतरी काढली. चारही खड्डे एकाच वेळी उघडले नाहीत. आधी समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांतले दोन खोदले, त्यांतील काँक्रीट पूर्ण करून ते भरून घेतले आणि मगच उरलेले दोन खोदले. यात आठ दिवस अधिक गेले. खोदाईच्या काळात स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या आणि रोज संध्याकाळी त्या पाहत असे. एकही खूण हलली नाही.

तुळईच्या खाली चार इंच जाडीचे थर्माकोल ठेवून त्यावर काँक्रीट ओतले. पावसाळ्यात खालची माती फुगून वर आली, तर ती थर्माकोल दाबेल आणि तुळईला उचलणार नाही, असा त्यामागचा विचार होता. दिसायला ही फार किरकोळ गोष्ट आहे आणि पहिल्या खोलीत तीच नव्हती. जमिनीच्या भागातील काळी माती दोन फुटांपर्यंत काढून टाकली, तेथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून धुमसाने बसवला आणि त्यावर कोटा फरशी घातली. मुरूम भरण्यापूर्वी खड्ड्यांच्या बाजूंना आणि तळाला वाळवीचे औषध मारले. क्लोरपायरिफॉस २० टक्के हे औषध एक लिटर आणि पाणी एकोणीस लिटर, या प्रमाणात ते मिसळतात. फवारणाऱ्याने हातमोजे आणि तोंडाला फडके बांधलेच पाहिजे आणि त्या दिवशी लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

रेती कन्हानची आली. ती चांगली आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी पद्धत आहे आणि ती मी स्वतः केली. काचेच्या बाटलीत निम्म्यापर्यंत रेती घेतली, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून बाटली जोराने हलवली आणि तीन तास ओट्यावर स्थिर ठेवली. रेती खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. तो थर रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून अधिक असला, तर ती रेती धुतल्याशिवाय वापरू नये. पहिल्या गाडीतील रेतीत तो थर फूटपट्टीने मोजता येईल एवढा जाड होता. मी ती गाडी परत पाठवली. दुसऱ्या गाडीची रेती ठीक होती.

भिंती राखेच्या विटांच्या घेतल्या. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या राखेमुळे या विटा आपल्याकडे सहज मिळतात आणि त्यांचे कोपरे सरळ असल्यामुळे सांधे बारीक राहतात. साडेचार इंची भिंतीत दर तीन फुटांवर सळ्या घालून तीन इंचांची काँक्रीटची पाटली घेतली. भिंतींबद्दल यापेक्षा अधिक सांगण्यासारखे काही नाही.

खरा विषय आहे तो सांध्याचा. नव्या बाजूच्या भिंती घराच्या भिंतीपर्यंत आल्या आणि तेथे २५ मिलिमीटर अलीकडे थांबल्या. वरपासून खालपर्यंत, फरशीसह, सगळीकडे एवढी फट सोडली. आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांनी ती फट पाहिली आणि काम अर्धवट सोडले आहे, असे समजून त्या मिस्त्रींना रागावल्या. मिस्त्री पारशिवनीकडचे, वयाने पन्नाशीचे. ते हातातील थापी खाली ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आजी, हे घर आता बसलेलं हाय. हे नवं काम अजून बसाचं हाय. दोघाईले आपापलं हलू द्या. बांधून ठेवलं, तं एक दुसऱ्याले फाडते." सासूबाईंना ते पटले. अभियंता विद्यार्थिनीने आकडेमोड करून मला जे समजावले होते, तेच या माणसाने आपल्या अनुभवातून सांगितले होते आणि मला दोघांविषयी सारखाच आदर वाटला.

त्या फटीत थर्माकोलच्या पट्ट्या भरल्या, बाहेरच्या तोंडाला पॉलिसल्फाइडचा लवचिक मसाला भरला आणि त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. या पट्टीचे सर्व स्क्रू फक्त नव्या भिंतीत आहेत. घराच्या भिंतीवर ती नुसती टेकलेली आहे. कारागिराने सवयीने दोन्ही बाजूंना भोके पाडायला घेतली होती आणि मी वेळेवर तेथे उभी होते म्हणून ते थांबले. दोन्ही बाजूंना स्क्रू मारले असते, तर फट सोडण्याचा सारा खटाटोप वाया गेला असता. आपण घरी असू, त्याच दिवशी हे काम करून घ्यावे, हे मी प्रत्येकाला सांगते.

छपराचाही सांधा असाच सुटा ठेवला. पत्रा अर्ध्या मिलिमीटर जाडीचा, पांढऱ्या रंगाचा आहे आणि त्याच्या खाली चंदेरी बबलचे अस्तर लावले आहे. पोलाद तापले की वाढते. दहा फुटांच्या, म्हणजे सुमारे तीन मीटरच्या पत्र्यात डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांच्यात पृष्ठभागाच्या तापमानाचा ६० अंशांचा फरक धरला, तर त्याची लांबी दोन मिलिमीटरने कमी-जास्त होते. सिमेंटचा वाटा एवढी हालचाल सहन करू शकत नाही आणि म्हणूनच पहिल्या वेळी तो गळून पडला होता. या वेळी पत्र्याच्या वर सहा इंचांवर घराच्या भिंतीच्या गिलाव्यात इंचभर खोल आडवी झिरी कापली, पत्र्याचीच वाकवलेली पट्टी तिच्यात वरच्या कडेने अडकवली आणि झिरी भरून घेतली. पट्टीची खालची कड छपरावर सैल पडून राहते, तिला छपराशी स्क्रू नाही. भिंतीवरून ओघळणारे पाणी पट्टीवरून पत्र्यावर येते आणि पत्रा तिच्याखाली आपल्या मर्जीने सरकतो.

पत्र्याच्या स्क्रूंबद्दलही थोडे लिहिते, कारण पत्रा गळतो तो बहुधा तेथूनच. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर असते. मी शिडीवर चढून एकेक स्क्रू पाहिला. नीट बसलेल्या स्क्रूचे वॉशर धातूच्या टोपीच्या कडेपर्यंतच दिसते. फार आवळलेल्या स्क्रूचे रबर बाहेर फुगून वाटीसारखे उलटे झालेले असते आणि उन्हाने ते दोन वर्षांत तडकते. तिरप्या बसलेल्या स्क्रूच्या एका बाजूने वॉशर आणि पत्रा यांच्यामध्ये नखाएवढी जागा दिसते. एकूण ६४ स्क्रूंपैकी अकरा आम्ही काढून पुन्हा बसवले. आमच्या भागात मे-जूनच्या वादळात पत्रे उडून जातात, म्हणून कडेच्या रांगेत स्क्रू जवळजवळ घेतले.

जुन्या खोलीत पाणी येण्याचे आणखी एक कारण होते आणि ते आम्हांला नव्या बांधकामाच्या वेळीच कळले. गच्चीच्या मागच्या बाजूची पनाळ नेमकी त्या पत्र्यावर सुटत होती. गच्ची हजार चौरस फुटांची आहे आणि तिचे निम्मे पाणी या पनाळीतून येते. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर या एका पनाळीतून त्या तासाभरात सव्वादोन हजार लिटरहून अधिक पाणी पडते. खोलीच्या छपरावर स्वतःचे म्हणून जेवढे पाणी पडते, त्याच्या चौपट हे पाणी होते आणि ते उंचावरून आदळत होते. आता पनाळीला चार इंची पाइप जोडून तो खोलीच्या बाजूने थेट खाली उतरवला आहे. खोलीच्या छपराला वेगळी पन्हळ आहे. दोन्ही पाणी पायापासून दूर अंगणातील शोषखड्ड्यात जाते. खोलीभोवती तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेला फरसबंद पट्टाही केला, कारण पायाजवळची माती जितकी कमी भिजेल, तितकी ती कमी हलेल.

आतील रचना साधी आहे. जमीन अंगणापेक्षा दीड फूट उंच आहे, दार बाहेर उघडते आणि उंबरठा तीन इंचांचा आहे. समोरासमोरच्या भिंतींत एकीत खाली आणि दुसरीत वर सिमेंटच्या जाळ्या बसवल्या आहेत आणि त्यांना आतून उंदीर शिरू नये अशी बारीक लोखंडी जाळी आहे. हवा खालून येते, तापून वर जाते आणि बाहेर पडते. मागच्या मे महिन्यात एका दुपारी बाहेर ४४ अंश असताना आत ४१ अंश होते. बंद पत्र्याच्या खोलीत याच्या उलट होते. इतवारीतील लोहा ओळीतून अँगल आणले आणि त्यांच्या मांडण्या आमच्या मोजमापाने करून घेतल्या. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून एक फूट उंच आहे. विजेचा एक दिवा आणि एक बटण आहे.

एकूण खर्च एक लाख ९२ हजार रुपये झाला, म्हणजे पहिल्या खोलीच्या तिपटीहून अधिक. त्यातील जवळपास निम्मा खर्च जमिनीखाली आहे आणि तो कोणाला दिसत नाही. पाहुण्यांना पांढरा पत्रा आणि जाळ्या दिसतात. पैसे कमी असतील तर मांडण्या पुढच्या वर्षी कराव्यात, रंग त्याच्याही पुढच्या वर्षी द्यावा, पण खड्डा मुरमापर्यंत न्यावा आणि सांधा सुटा ठेवावा.

खोलीचा पहिलाच पावसाळा २०२३ चा होता. त्या वर्षी २२ सप्टेंबरच्या रात्री सुरू झालेल्या पावसात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाणी पडले, २३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत लोकांच्या घरांत पाणी शिरले. आमची वस्ती त्या मार्गात येत नाही, तरी अंगणात घोटाभर पाणी साचले होते. माझी नणंद त्या काठच्या भागात राहते. तिच्या घरातील धान्य, गाद्या, कपाटे सर्व भिजले. सकाळी तिच्याकडे जाण्यापूर्वी मी खोलीचे दार उघडून आत पाहिले. फरशी कोरडी होती, सांध्याची भिंत कोरडी होती आणि कोठ्यांतील गव्हाला हात घालून पाहिला, तो तळापर्यंत खडखडीत होता. दुपारी त्याच गव्हाची एक कोठी आम्ही नणंदेकडे पोहोचवली.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर, मी दोन बारीक खिळे ठोकून ठेवले आहेत आणि दर तीन महिन्यांनी त्यांच्यातील अंतर पोलादी पट्टीने मोजून वहीत लिहिते. सुरुवातीला ते १०० मिलिमीटर होते. मे अखेरीस १०२ झाले, सप्टेंबरअखेर ९९ आणि जानेवारीत पुन्हा १००. खोली आणि घर एकमेकांजवळ येतात आणि दूर जातात, पण भिंतीवर अद्याप एकही भेग नाही. आमच्या नातवाला या मोजणीची गोडी लागली आहे. पट्टी तोच धरतो आणि आकडा मी लिहिते. बैलाला सागाचीच नवी फळी करून घेतली आहे आणि तान्ह्या पोळ्याला तो बैल घेऊन नातू जातो.

एक उणीव राहिली आहे. अंगणातील कडुनिंबाची पाने मार्च-एप्रिलमध्ये गळतात आणि छपराच्या पन्हळीत साचतात. गेल्या वर्षी पहिल्या पावसात पन्हळ तुंबून पाणी कडेवरून खाली आले. पन्हळीवर बारीक जाळी बसवायला हवी होती. कूलर बाहेर काढण्यासाठी कारागीर येतील, तेव्हाच ती बसवून घेणार आहे आणि त्यासाठी बारा फुटांचे माप वहीत लिहून ठेवले आहे.